ओट्यामागची भिंत निवडताना: हळद, खार आणि पूर

स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त सोसणारी भिंत म्हणजे गॅसच्या मागची. कांदा-लसूण चटणी घालून केलेल्या रश्श्याची तर्री, म्हाद्याला आलेला कढ, खर्ड्यासाठी तेल सोडून परतलेल्या मिरच्या, कुकरच्या शिट्टीबरोबर उडालेलं डाळीचं पाणी, यातलं काही ना काही सातारा-सांगलीकडच्या घरात रोज तिच्यावर जातं. तरीही घर बांधताना या भिंतीचा विचार होतो तो अगदी शेवटी. तोवर पैसे संपत आलेले असतात, मिस्त्रीला पुढच्या कामाची घाई असते, आणि मग दुकानात दिव्याखाली मांडलेल्या नमुन्यांतला एखादा डोळ्यांत भरला की तोच घरी येतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं ती भिंत कुणीतरी पुसायची आहे, हे त्या घाईत राहूनच जातं.

म्हणून पहिली विनंती अशी, की नमुना पसंत करायला जाताना रोज ती भिंत पुसणाऱ्या माणसाला बरोबर न्या आणि शेवटचा शब्द त्याचा असू द्या. आपल्याकडे बहुतेक घरांत ते काम आईकडे, बायकोकडे किंवा सुनेकडे असतं आणि टाइल्सचा व्यवहार मात्र घरातले पुरुष आणि ठेकेदार मिळून उरकतात. खोलगट नक्षीत अडकलेला तेलाचा थर काढायला किती वेळ लागतो हे ज्यांच्या हातांना माहीत आहे, त्यांना विचारल्याशिवाय ही निवड नीट होणार नाही.

दुसरी गोष्ट, टाइलचा रंग आणि नक्षी ही निवडीतली शेवटची पायरी. त्याआधी चार गोष्टी बघायच्या: सांधे किती येणार, भिंत कोरडी आहे का, नळाला पाणी कुठलं येतं आणि घर पुराच्या पट्ट्यात आहे का. एकच टाइल महाबळेश्वरात, विट्यात आणि हरिपुरात वेगवेगळी वागते ती या चार कारणांनी.

हळद आणि सांधा

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या बाजारपेठेचं नाव हळदीमुळे देशभर आहे, आणि इथल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा सगळ्यात चिवट डागही हळदीचाच. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात मात्र सहज उतरतो. फोडणीत हळद पडते तेव्हा ती तेलातच पडते. त्या तेलाचे बारीक थेंब वाफेबरोबर उडतात आणि भिंतीवर जिथे सच्छिद्र जागा मिळेल तिथे मुरतात. टाइलच्या काचेसारख्या गुळगुळीत थरावर त्यांना शिरकाव नसतो. तो मिळतो सिमेंटच्या सांध्यात.

त्यात आणखी एक गोष्ट घडते. मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप लावतात तेव्हा तो लाल होतो, हे आपण लहानपणापासून बघत आलो. हळद क्षाराच्या संपर्कात आली की तांबडी होते. नवं सिमेंट चांगलंच क्षारयुक्त असतं, भांड्यांचा साबण आणि सोडाही क्षारयुक्तच. त्यामुळे पांढऱ्या सिमेंटने भरलेल्या सांध्यांवर पहिल्या काही महिन्यांतच पिवळे-तांबूस पट्टे दिसू लागतात आणि घरच्यांना वाटतं टाइल खराब निघाली. टाइल ठणठणीत असते. डागाळलेला असतो तो सांधा.

यावरचे उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र केले तर उत्तम. पहिला, सांधेच कमी ठेवायचे. ओटा आणि वरचं कपाट यांच्यामध्ये साधारण दोन फुटांचं अंतर असतं. दुकानात दोन बाय चार फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स मिळतात. त्या आडव्या लावल्या तर उंची एका टाइलमध्येच भरते. दहा फूट लांबीच्या ओट्याला अडीच टाइल लागतात, म्हणजे सगळ्या भिंतीत उभे सांधे फक्त दोन. मिस्त्रीला आधीच सांगून गॅसची शेगडी एका टाइलच्या मधोमध येईल अशी मांडणी करून घ्या, म्हणजे फोडणीच्या नेमक्या जागी सांधाच राहणार नाही. याच भिंतीला बारा बाय अठरा इंचांच्या टाइल्स लावल्या तर सांध्यांचं जाळं होतं, आणि तीन बाय सहा इंचांच्या छोट्या टाइल्स लावल्या, ज्यांची सध्या मासिकांतल्या फोटोंमुळे फार हौस आहे, तर सांध्यांची लांबी कितीतरी पटींनी वाढते. जाळीवर चिकटवून येणाऱ्या बारीक मोझॅकचं तर नावच काढू नये. देवघरामागे किंवा दिवाणखान्यात लावा, हवी तेवढी शोभा येईल. आपल्या फोडणीसमोर ती टिकत नाही.

दुसरा उपाय, सांधा इपॉक्सीने भरायचा. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा तो बराच महाग पडतो, पण वीस-पंचवीस चौरस फुटांच्या कामात लागतोच किती? घरातल्या इतर खर्चांच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे, आणि या भिंतीवर कुठे पैसे जास्त घालायचे असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी टाइलवर न घालता इथेच घाला असं सांगेन. इपॉक्सीत तेल मुरत नाही, हळद पुसली की जाते, पाणी आत जात नाही. त्याची अडचण एकच, लावणारा हात सरावाचा हवा. त्यातले घटक एकत्र कालवले की थोड्याच वेळात ते घट्ट होऊ लागतं आणि टाइलवर सांडलेला पातळ थर त्याच दिवशी पुसून काढला नाही तर तो जन्माचा चिकटतो. म्हणून ज्याने आधी हे काम केलंय असाच मिस्त्री शोधा आणि एकदम मोठा घाणा न कालवता थोडं थोडं करून घ्या. सांधा दोन मिलिमीटरचा तरी ठेवायला सांगा. 'टाइलला टाइल चिकटवून देतो, सांधा दिसणारच नाही' असं काही जण अभिमानाने सांगतात. त्या फटीत ग्राउट उतरतच नाही, तेल मात्र उतरतं.

ज्यांच्या घरी टाइल्स आधीच आहेत, चांगल्या घट्ट बसलेल्या आहेत आणि केवळ सांधे काळे-पिवळे झाल्यामुळे भिंत कळकट दिसते, त्यांनी टाइल्स फोडायचा विचार सोडून द्यावा. जुना सांधा पात्याने खरवडून रिकामा करायचा, धूळ झाडून कोरडा करायचा आणि इपॉक्सी भरायचं. एका-दोन दिवसांत भिंत नव्यासारखी होते.

भिंतीच्या आत काय आहे?

कृष्णाकाठची उसाची जमीन पाण्याच्या अतिवापराने क्षारपड झाली, हे वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना नव्याने सांगायला नको. तोच क्षार घरांच्या भिंतींतही चढतो. पाया जुना असेल, जोत्याला ओल अडवणारा थर नसेल, तर जमिनीतलं पाणी विटांमधून वर येतं आणि येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून फुलतो आणि प्लास्टरचा पापुद्रा सुटतो. यालाच आपण भिंतीला खार फुटला म्हणतो. तो साधारण जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत चढतो, म्हणजे ओट्याच्या नेमका मागे. अशा भिंतीवर कितीही महागडी टाइल लावली तरी काही वर्षांत ती पोकळ होते, कारण तिने ज्या प्लास्टरचा आधार घेतला तेच आतून भुसभुशीत झालेलं असतं.

त्यामुळे टाइल्स आणण्याआधी एक साधी परीक्षा करून घ्या. ओट्यामागच्या भिंतीवर फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागद काढल्यावर त्याच्या भिंतीकडच्या बाजूला दमटपणा दिसला तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती स्वयंपाकाची वाफ, तिच्यासाठी खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन पुरेसा.

भिंतीतून ओल येत असेल तर प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढा. दिसणारा खार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, कारण धुतला की तो विरघळून परत विटेत शिरतो. भिंत उघडी ठेवून सुकू द्या, शक्य असेल तर एक उन्हाळा जाऊ द्या. ओल बाहेरच्या गटारातून, न्हाणीतून किंवा गळक्या नळीतून येत असेल तर आधी ते बंद करा. नव्या प्लास्टरला बोअरचं खारट पाणी वापरू नका. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि फोटोत कुठे दिसणार नाही. तरी टाइल टिकते ती याच कामामुळे.

वाई, कऱ्हाड, मिरज इथल्या जुन्या वाड्यांचा प्रश्न वेगळा. पांढऱ्या मातीच्या किंवा भेंड्यांच्या जाड भिंतींवर सिमेंटचं प्लास्टर नीट धरत नाही. शिवाय अशा भिंतीला श्वास लागतो. तिच्यातली ओल पृष्ठभागावरून उडून जायला हवी, आणि टाइलने तोंड बंद केलं की ती ओल दुसरीकडून वाट काढते. अशा घरात भिंतीपासून किंचित पुढे लोखंडी चौकट उभी करून तिच्यावर सिमेंटचा बोर्ड स्क्रूने बसवावा आणि टाइल्स त्या बोर्डावर लावाव्यात. मागे हवा खेळती राहते. वाडा उद्या दुरुस्तीला काढला तर मूळ भिंतीला ओरखडाही गेलेला नसतो. ग्रॅनाइटची पट्टी अशा भिंतीवर चिकटवायचा हट्ट तर कुणीच करू नये. १८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतं. वीस चौरस फुटांचे नव्वद किलो मातीच्या भिंतीने नुसत्या चिकटवणुकीवर धरून ठेवावेत ही अपेक्षाच चुकीची. पट्टी ओट्यावर उभी टेकवून वरून पकडी लावाव्यात.

डोंगरावरच्या घरांबद्दलही दोन शब्द सांगतो. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या जांभ्याच्या भिंती पाणी पितात. पावसाळ्याचे चार महिने आतल्या भिंतीवर बुरशी धरते. तिथे फळीचं, एमडीएफचं किंवा लॅमिनेटचं काहीही भिंतीला लावू नये, आणि टाइलचं काम पावसाळ्यात काढू नये. पाटणच्या बाजूला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विसरलेला माणूस सापडणार नाही, आणि बारीक हादरे तिकडे अजूनही जाणवतात. तिथे टाइल्स सिमेंटच्या घोळाने न बसवता थोडी लवचीकता असलेल्या अॅडेसिव्हने बसवाव्यात आणि सांधा तीन मिलिमीटरचा ठेवावा.

नळाचं पाणी

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या भागात पिण्याला वेगळं पाणी असलं तरी भांडी घासायला बहुधा बोअरचं येतं. ते जड असतं. सिंकच्या मागे उडालेला थेंब सुकला की पांढरा ठिपका मागे राहतो आणि ठिपक्यांवर ठिपके साठून खरखरीत थर होतो. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटवर, काळ्या काचेवर आणि गडद टाइलवर हा थर सगळ्यात आधी दिसतो. त्यामुळे या तालुक्यांत गडद रंग टाळलेला बरा. फिकट राखाडी, दुधी, बिस्किटी असे मधले रंग हळदही सांभाळून घेतात आणि क्षारही.

तो थर घालवायला लिंबू किंवा व्हिनेगर लावतात. ग्लेझ असलेल्या टाइलला त्याने काही होत नाही. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर यांना मात्र होतं, कारण हे तिन्ही चुनखडीच्या कुळातले दगड, आंबट पदार्थ त्यांना खातो. लिंबाचा थेंब, चिंचेचा कोळ, ताकाचा ओघळ पडून राहिला की पॉलिश उडून तिथे फिका चट्टा पडतो. सिमेंटचे सांधेही आंबटाने झिजतात. कडप्पा ओट्याखालच्या कप्प्यांसाठी अजूनही उत्तम आहे, त्याबद्दल पुढे सांगतोच, पण आमटी-सोलकढीच्या समोर भिंतीला तो लावू नये. संगमरवराचंही तेच. मकराण्याचा दगड देखणा आहे यात शंका नाही, पण त्याची जागा देवघरात.

कोणतं मटेरियल घ्यावं?

बहुतेक घरांसाठी माझं उत्तर साधं आहे: ग्लेझ असलेली टाइल, मोठ्या आकाराची, सपाट पृष्ठभागाची. आपल्याकडच्या दुकानांतल्या बहुतांश टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात. त्यांत भिंतीची सिरॅमिक टाइल आणि व्हिट्रिफाइड टाइल असे दोन मुख्य प्रकार. सिरॅमिक टाइलचं अंग सच्छिद्र असतं, ती वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही शोषत नाही. भिंत कोरडी असेल आणि हात आखडता असेल तर सिरॅमिकने काहीही बिघडत नाही, कारण समोरचा ग्लेझचा थर दोन्हींत तितकाच अभेद्य असतो. ओलीचा किंवा पुराचा धोका असेल तर व्हिट्रिफाइडच घ्या. खडबडीत दगडासारखी दिसणारी, उंचवटे असलेली टाइल गॅसमागे नको. पूर्ण मॅट टाइलवरही तेलाचा हात जास्त वेळा फिरवावा लागतो. चकचकीत किंवा किंचित तुकतुकीत पृष्ठभाग पुसायला सोपा. फक्त चकचकीत टाइल भिंतीतला वाकडेपणा लपवत नाही, म्हणून प्लास्टर ओळंब्यात असायला हवं.

ग्रॅनाइट आपल्याला जवळ पडतो, इलकलचा दगड शेजारच्या कर्नाटकातलाच. ओट्याचाच दगड दोन फूट वर चढवला तर सांधे जवळजवळ उरत नाहीत, आणि उष्णता, आंबट, तिखट काही त्याला बाधत नाही. फिकट ग्रॅनाइट मात्र तेल पितो आणि गॅसमागे हळूहळू काळपट पडतो. त्याला लावण्याआधी सीलर हवा आणि दर एक-दोन वर्षांनी परत हवा. ओट्याच्या दगडाचे उरलेले तुकडे जोडून भिंत करून घेणारे काटकसरी लोक आहेत, ती युक्ती चांगली आहे. तुकडे मोठे असतील आणि सांधा शेगडीच्या मागे येत नसेल एवढं बघा.

क्वार्ट्झचा पत्थर सध्या दुकानदार आग्रहाने दाखवतात. त्यात दगडाची भुकटी राळेने बांधलेली असते. डाग धरत नाही हे खरं, पण राळ उष्णतेला दगडाइतकी पक्की नाही आणि मागच्या शेगडीवर मोठं पातेलं तासभर उकळत असेल तर रंग बदलू शकतो. त्याहून मोठी काळजी कापणाऱ्या कामगाराची आहे. हा पत्थर कोरडा कापला तर त्याची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली ती या आजारामुळे. ग्रॅनाइट आणि टाइलच्या धुळीतही सिलिका असतेच. तुमच्या घरी कटर चालत असेल तर पाणी सोडूनच कापायला लावा, मास्क आणून द्या, आणि घरातली लहान मुलं-म्हातारी माणसं त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. हे सांगायचा अधिकार घरमालकाचा आहे आणि जबाबदारीही त्याचीच.

काच हवी असेल तर ती टफन केलेलीच हवी. साधी रंगवलेली काच गॅसच्या धगीने तडकते. टफन काचेला नंतर भोक पाडता येत नाही. त्यामुळे स्विचची, नळाची, खुंटीची जागा भट्टीत जाण्याआधीच कापलेली असावी लागते, म्हणजे माप घेताना सूतभर चूकही चालत नाही. हे जमलं तर काचेइतकी पुसायला सोपी भिंत दुसरी नाही. जड पाण्याच्या गावात मात्र सिंकमागे ती रोज कोरड्या फडक्याने पुसावी लागेल.

स्टीलचा पत्रा खानावळीला, लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या घराला आणि भडंगाच्या कारखान्याला शोभतो आणि टिकतो. बिलावर ३०४ ग्रेड लिहून घ्या. २०२ स्वस्त मिळतं, मीठ आणि ओलीसमोर ते लवकर डाग धरतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही शेगडीपुरता एक पत्रा स्क्रूने लावणं परवडतं, आणि घर सोडताना तो बरोबर नेता येतो.

चिकटवायचे फॉइल, पीव्हीसीची पॅनेल आणि संगमरवरासारखी दिसणारी चमकदार शीट यांबद्दल स्पष्टच सांगतो: शेगडीमागे यातलं काहीही लावू नका. पीव्हीसी ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडायला लागतं. कढईच्या मागे भिंतीचं तापमान तेवढं सहज होतं. तेलाचा भडका उडाला तर पुढे काय होईल ते वेगळं सांगायला नको. दुकानदार म्हणेल, शेकडो घरांत लावलंय. तरीही नको. त्यापेक्षा स्वच्छ प्लास्टरवर तेलरंगाचे दोन हात मारून घ्या. दर दोन-तीन दिवाळ्यांनी परत मारावे लागतील, पण तो सुरक्षित आहे आणि सगळ्यात स्वस्तही.

नमुना मात्र कुठल्याही मटेरियलचा असो, दुकानातून तुकडा मागून घरी आणा. तेलात हळद, चटणी आणि थोडी चिंच कालवून रात्रभर त्यावर ठेवा, सकाळी नेहमीच्या साबणाने पुसा. बाजूला तुमच्या नळाच्या पाण्याचे चार थेंब सुकू द्या. तो तुकडा स्वयंपाकघरातल्याच दिव्याखाली, संध्याकाळच्या वेळी, भिंतीला टेकवून बघा. एवढं केल्यावर निवड आपोआप सोपी होते.

पुराच्या पट्ट्यातली घरं

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. हरिपुरातली जमिनीखालची हळदीची पेवं २००५ च्या पुरात गेली. मारुती चौक, हरिपूर, भिलवडी, औदुंबर अशा ठिकाणी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी स्वयंपाकघर करताना पाणी परत येईल हे धरूनच करावं. यात निराशा नाही, शहाणपण आहे, आणि खर्चही फार वाढत नाही.

पुराचं पाणी काही तासांत ओसरत नाही, दिवसच्या दिवस थांबतं, आणि त्यात गाळाबरोबर गटारही असतं. एमडीएफची आणि प्लायची कपाटं त्यात फुगून उकलतात. ओट्याखाली कडप्प्याचे जुन्या पद्धतीचे कप्पे असतील तर ते पाईपच्या पाण्याने धुतले की परत वापरात येतात. मॉड्युलर किचनच्या लाटेत लोकांनी हे कप्पे फोडून टाकले याचं मला फार वाईट वाटतं. नदीकाठच्या घरात तरी ते ठेवा, दारं हवी असतील तर अॅल्युमिनियमची लावा. भिंतीला व्हिट्रिफाइड टाइल, अॅडेसिव्ह आणि इपॉक्सी असं त्रिकूट घ्या. टाइल फक्त ओट्याच्या वर लावून थांबू नका, ओट्याखाली जमिनीपर्यंतही न्या, नाहीतर पाणी खालच्या उघड्या प्लास्टरमधून शिरून टाइलच्या मागे चढेल. विजेचे स्विच टाइलच्या वरच्या कडेजवळ, जमतील तितके उंच घ्या. त्यांची वायरही खालून न आणता छताकडून उतरवा.

पाणी ओसरल्यानंतर गाळ ओला असतानाच धुऊन काढा. मग घाई न करता भिंत सुकू द्या. महिनाभराने एकेक टाइल लाकडी मुठीने ठोकून बघा. जिथे पोकळ आवाज येईल तेवढ्याच काढून मागचं प्लास्टर तपासा. सगळी भिंत फोडायचा सल्ला कुणी दिला तर आधी हे ठोकून बघा म्हणावं.

बसवताना

टाइल्स बसवायला आलेला मिस्त्री सिमेंटचा गोळा टाइलच्या मधोमध थापून ती भिंतीला दाबतो, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. चार कोपरे त्यात पोकळ राहतात, आणि त्या पोकळीत झुरळं, ओल आणि पुढे तडा हे सगळं येतं. अॅडेसिव्ह दात्यांच्या पट्टीने सगळ्या पाठीवर पसरून लावायला सांगा. पिशवीवर आयएस १५४७७ हे मानक आणि प्रकाराचा आकडा छापलेला असतो. व्हिट्रिफाइडला प्रकार २ किंवा त्यावरचा घ्या. सिमेंटनेच बसवायचं असेल तर सिरॅमिक टाइल आधी पाण्यात भिजवावी लागते. अॅडेसिव्हला ती कोरडीच हवी. भिंतीवर जुना तेलरंग असेल तर टाचे मारल्याशिवाय टाइल लावू देऊ नका. जुन्या टाइलवरच नवी चढवणार असाल तर आधी जुन्या ठोकून बघा. सगळ्या भरीव असतील तरच चढवा. स्विचच्या पेट्या टाइलच्या जाडीएवढ्या पुढे घ्यायला विसरू नका.

ओटा आणि टाइल जिथे भेटतात तो आडवा सांधा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा. सिंकचं पाणी तिथेच साचतं. दगड आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, म्हणून तो सिमेंटने भरला की वर्षभरात केसासारखी चीर पडते. तिथे बुरशी न धरणारं सिलिकॉन भरा आणि चार-पाच वर्षांनी ते कापून नवं भरा.

उंची किती घ्यायची हा प्रश्न नेहमी येतो. वरचं कपाट असेल तिथे दोन फूट पुरतात. शेगडीच्या मागे मात्र चिमणीच्या खालच्या कडेपर्यंत न्या, आणि चिमणी नसेल तर थेट छतापर्यंत. तेलाची वाफ वर जाते आणि टाइलच्या वर उघड्या राहिलेल्या रंगावर तिचा पिवळा पट्टा उमटतो. तेवढ्या चार-सहा जादा टाइल्सनी तो प्रश्न कायमचा सुटतो.

मोजणी करताना एकूण चौरस फुटांवर दहा टक्के जादा धरा. पेट्या घरी आल्या की मिस्त्रीने पहिली टाइल उचलण्याआधी सगळ्या पेट्यांवरचा शेड आणि बॅचचा क्रमांक एकच आहे का ते बघा. वेगळा निघाला तर पेटी न उघडता परत करा, उघडलेली पेटी दुकानदार सहसा घेत नाही. काम झाल्यावर उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवा आणि पेटीचा लेबल असलेला भाग फाडून बिलाबरोबर जपून ठेवा. दहा वर्षांनी नळ बदलताना एक टाइल फुटली, तर तीच टाइल तेव्हा बाजारात मिळेल याची शक्यता फार थोडी असते.